कमाविसदार आले!

भिलाईच्या स्मृति नगरातल्या आमच्या गल्लीत रात्रीच्या चौकीदाराची वर्गणी मी गोळा करतो. कोपऱ्यावरच्या घरातून दर महिन्याला तीच हाक येते, "आ गे, भोंसले के कमाविसदार!" हाक दाऊंची. छत्तीसगढात कलचुरींच्या राज्यात बारा गावांच्या गटाला बरहों म्हणत आणि त्याच्या मुख्याला दाऊ. आमच्या दाऊंच्या ताब्यात आता, तुळस धरून, बारा कुंड्या आहेत.

टोमणा अगदीच बिनबुडाचा नाही. १७४१ मध्ये नागपूरकर रघुजी भोसल्यांचे भास्करपंत कलचुरींच्या रतनपुरावर चालून आले. राजा रघुनाथसिंह म्हातारा, त्यात पुत्रशोकाने खचलेला. तोफेने वाड्याचा थोडा भाग पडला, राण्यांनी पांढरे निशाण दाखवले, संपले! १०६६ मध्ये इंग्लंडात उतरलेल्या नॉर्मनांना बराच घाम गाळावा लागला. मातीचे उंचवटे रचून त्यांवर गढ्या बांधा, मग वीस वर्षांनी गावोगावची जमीन, नांगर, डुकरे वहीत उतरवा. आपल्या मंडळींना गढ आयतेच मिळाले, शिवनाथच्या उत्तरेला अठरा, दक्षिणेला अठरा. आमचे दुर्ग त्यांतलेच.

वहीचा सोस मात्र आपल्यालाही कमी नाही. १७८७ मध्ये बिंबाजी भोसले वारले आणि सुभेदारी आली. विठ्ठल दिनकर या सुभेदारांनी गढांची मांडणी मोडून सत्तावीस परगणे पाडले. प्रत्येकावर कमाविसदार, त्याच्या हाताखाली फडणवीस, बरारपांडे. गढाचे दिवाण गेले, दाऊंचा अधिकार गेला. गावचा गौंटिया तेवढा राहिला, कारण सारा वसूल करायला घरोघरची चूल ठाऊक असलेला माणूस लागतो. (वर्गणी गोळा करणाऱ्याला हे पटते.)

एवढी उलथापालथ करूनही या मुलखाला सत्तावीसपरगणा कोणी म्हटले नाही. २००० साली वेगळे राज्य झाले, तेही मोडीत काढलेल्या छत्तीस गढांच्याच नावाने. त्याआधीच पोलाद कारखाना आला होता, भाताच्या खाचरांवर नंबरवारीने सेक्टर बसले, पण भिलाई गावाचे नाव कारखान्यालाच चिकटले. कमाविसदार आता स्पर्धा परीक्षेच्या पोरांना पाठ करावा लागतो. दाऊ मात्र गल्लीगल्लीत आहेत.

मी पावतीपुस्तक पुढे करतो. दाऊ चहा मागवतात, खिसे चाचपतात आणि म्हणतात, "काली आहू." छत्तीसगढीत काली म्हणजे उद्या. कालही कालीच.