नाक आणि लाइक

मी मानसशास्त्र शिकवतो, हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढच्या फजितीची गोडी नीट कळेल. लिऑन फेस्टिंगर या गृहस्थांनी १९५४ साली मांडलं, की स्वतःला मोजायला धड माप सापडलं नाही की माणूस शेजाऱ्याकडे बघून स्वतःला मोजतो. यवतमाळच्या पोरांना हे मी दरवर्षी त्याच पिवळ्या नोट्समधून वाचून दाखवतो. यंदा वाटलं, जरा इन्स्टाग्रामची फोडणी द्यावी. मुलं स्वतःकडे कशी बघतात त्याचा अभ्यास म्हणून मी अकाउंट उघडलं.

पहिला सेल्फी गच्चीवर काढला. खांदा आखडलेला, म्हणून फोन तोंडाशी धरलेला, चष्म्यावर ऊन, त्यात मागून सौ. ओरडली, "सांडग्यांवर पाय देऊ नका!" त्या दचकण्यात जे काही निघालं ते टाकून मी लाइक बघत बसलो, आधी सोफ्यावर, मग गॅसवरच्या दुधावर लक्ष ठेवता ठेवता, मग उतू गेलेलं दूध पुसता पुसता. एक लाइक आला. विमा एजंटचा.

दुसऱ्या दिवशी घाटंजीहून एस.टी.ने येणारी एक मुलगी म्हणाली, "फोन एवढा जवळ नका धरू जी सर, नाक मोठं येते." पोरीचं बरोबर होतं. अमेरिकेत २०१८ साली काही डॉक्टरांनी हिशेबच मांडलाय: फूटभर अंतरावरच्या सेल्फीत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. मला फार हायसं वाटलं. घरी जाऊन पाच फुटांवरून फोटो काढवून घेतला. नाक तेवढंच होतं.

मग एका सहकाऱ्याने टिपेश्वर अभयारण्यातल्या वाघाचा फोटो टाकला, आणि माझ्यातला फेस्टिंगर खवळला. रविवारी पहाटे उठून, पांढरकवड्यापर्यंत गाडी लागून, जिप्सीत धूळ खात मी जो फोटो आणला त्यात नीलगायीचा मागचा भाग आहे. तोही हललेला.

शेवटी वर्गातच विचारलं, लाइक कमी आले की कमीपणा वाटतो का? पोरं मोकळी झाली. बारावीला सोबत असलेला मित्र पुण्याला गेला, त्याचे फर्ग्युसन रोडवरचे फोटो रात्री पाहिले की आपलं गाव नि आपण, दोन्ही लहान वाटतात, असं एकजण म्हणाला. तोच मित्र दिवाळीत घरी आला तेव्हा कळलं: खोलीत पाचजण राहतात, आणि त्या फोटोतली कॉफी एकच होती, प्रत्येकाने आळीपाळीने हातात धरलेली. "माहीत हाय सर," पोरगा म्हणाला, "तरी रात्री पायलं का तसंच वाटते." मी इतकी वर्षं जे शिकवतोय ते या एका वाक्यात बसलं असतं.

मग कळलं, पोरांची अकाउंटं दोन-दोन असतात. एक नातेवाइकांसाठी, चेहरा उजळ करणारं. दुसरं प्रायव्हेट, मोजक्या दोस्तांपुरतं, तिथे मेसची करपलेली पोळी नि एटीकेटीची मार्कशीट. मी लगेच म्हटलं, मलाही घ्या की त्यात! सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"तुमी हायेच ना जी त्यात," मागच्या बाकावरून आवाज आला.

फोन पुढे आला. स्टाफरूम, टेबल, तोंड उघडं टाकून झोपलेला मी. खाली लाइकच लाइक.

विमा एजंट त्यात नव्हता.