बारावीनंतरचे घोडेगावी मार्ग

बारावीचा निकाल लागला की घोडेगावात दोनच प्रश्न फिरतात. कांदा काय भावानं गेला आणि पोरगं पुढं काय करणार? पहिल्याचं उत्तर लिलाव संपताच मिळतं. दुसऱ्याला बाप नुसता घसा खाकरतो. अशा बापांसाठी आणि यंदा कॉलेजची पायरी न चढणाऱ्या त्यांच्या चिरंजीवांसाठी हे मोफत मार्गदर्शन.

सगळ्यात इज्जतीचा मार्ग म्हणजे ‘तयारी’. पोरगं रिकामं आहे म्हटलं तर पाहुणे चहासुद्धा घेत नाहीत. भरतीची तयारी करतंय म्हटलं की जेवायला थांबतात. पहाटे सोळाशे मीटर पळायचं आणि दिवसभर त्याची रील टाकायची. २०२४ च्या पोलीस भरतीत राज्यात १७,४७१ जागा होत्या, अर्ज १७ लाखांच्या वर. एका वर्दीमागे शंभर जण. उरलेले नव्याण्णव काय करतात? पुढच्या भरतीची तयारी.

दुसरा मार्ग अग्निवीर. चार वर्षं देशसेवा, मग शंभरातले पंचवीस कायम, बाकीचे घरी. घरी आल्यावर पुन्हा तेच, ‘पुढं काय?’ प्रश्न सुटला नाही, फक्त चार वर्षं शिस्तीत पुढं गेला.

तिसरा मार्ग ‘लाडका भाऊ’, म्हणजे मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. बारावी पास भावाला महिना ६,००० रुपये. आधी सहा महिने, मग आणखी पाच. अकराव्या महिन्यानंतर भाऊ प्रशिक्षित झाला आणि प्रशिक्षण देणाऱ्या सरकारलाच त्याची गरज उरली नाही.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर शनिदेव शेजारीच आहेत. शिंगणापूरकडे वळणाऱ्या गाडीमागं दुचाकी पिटाळायची आणि भाविकाला ठरल्या दुकानातच पूजेचं ताट घ्यायला लावायचं. या पदाला ‘लटकू’ म्हणतात. पदवीची अट नाही. त्याहून सुखाची वाट मुख्यमंत्र्यांनीच जुलै २०२५ मध्ये विधानसभेत सांगितली. जे देवस्थान २५८ कर्मचाऱ्यांवर नीट चालत होतं, तिथं पुढं कागदावर अडीच हजारांच्या घरात कर्मचारी दाखवले गेले. हजेरीची कटकट नसलेली नोकरी अख्ख्या नेवासे तालुक्यात दुसरी सापडायची नाही.

पोरींना मार्ग शोधायचा त्रास नाही. बारावी आणि अठरावं वर्ष बरोबरच संपतं, आणि मामा निकालाच्या आधीच स्थळ घेऊन येतो. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी सरकारनं २०२४ पासून माफ केली. मामाला कोणी माफ करेना.

आता न सांगण्यासारखे मार्ग. शुक्रवारी आपल्या जनावरांच्या बाजारात या. व्यापारी म्हशीला कोणत्या शाखेतून पास झालीस ते विचारत नाही. दात बघतो, कास बघतो, धार काढून बघतो आणि मग रुमालाखाली बोटं दाबतो. पोराची पारख मात्र आपण दाखल्यावर करतो. बापाबरोबर हे सौदे शिकणाऱ्या पोराबद्दल आपणच सांगतो, ‘काही करत नाही, बाजारात असतो.’ आयटीआयला गेलेल्याची तीच गत. ऐन आवर्तनात मोटार जळाली की वीस एकरांचा बागायतदार मोटार भरणाऱ्याच्या दारात रात्री अकराला हात जोडून उभा राहतो, आणि सकाळी पोरीसाठी ‘नोकरीवालाच पाहिजे’ म्हणून फोन फिरवतो.

तेव्हा पोराला नाही, आम्ही थोरांनाच सांगतो. यंदा कॉलेज नसेल तर नसू द्या. वर्षाच्या शेवटी हाताला एक काम यावं, एवढीच अट घाला. भरतीचं पळणं त्याच्या जोडीला चालू दे. पोरीचं शिक्षण पुरं होईपर्यंत मामाला चहा पाजून परत धाडा. आणि पुढं स्थळ बघाल तेव्हा मोटार भरणाऱ्यालाही एकदा घरी बोलवा. नाही तरी त्याचा नंबर तुमच्या फोनमध्ये आहेच.