बापदेव घाटात बाटली फोडणाऱ्या गृहस्थांस

नमस्कार.

पत्राच्या आरंभी ‘सप्रेम’ लिहायची आपल्याकडे रीत आहे. तुम्हाला ते लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसता नमस्कार. तुमचं नाव मला ठाऊक नाही, गाडीचा नंबरही नाही. तुम्ही शनिवारी रात्री येऊन जाता आणि आम्ही रविवारी उजाडता उजाडता सायकली घेऊन घाट चढतो, त्यामुळे आपली गाठ कधी पडत नाही. कठड्याजवळ पडलेल्या तपकिरी काचांवरून तेवढं कळतं, की काल तुम्ही येऊन गेलात.

कोंढव्याकडून चढून आल्यावर वर जो वारा लागतो तो तुम्हालाही आवडत असणार, खाली पसरलेले पुण्याचे दिवे बघायला तुम्हालाही बरं वाटत असणार. त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. उघड्यावर दारू पिणं कायद्यात बसत नाही, ते तुमचं आणि पोलिसांचं तुम्ही बघून घ्या. मला विचारायचंय ते त्यापुढचं. बाटली तुम्ही विकत घेतलीत, रिकामी केलीत, तिचं काम संपलं. मग त्या रिकाम्या बाटलीनं तुमचं असं काय घोडं मारलं होतं, की ती डांबरावर आपटून फोडावी?

तुम्ही घाटमाथ्यावरूनच माघारी फिरता, त्यामुळे पुढे काय आहे ते तुम्ही पाहिलं नसेल. पाहायला हवं. माथ्यावरून रस्ता भिवरी, चांबळी करत सासवडला उतरतो. एक चढ संपला की लगेच उतार, उताराचा वेग पायात असतानाच पुढचा चढ. सह्याद्रीची मोठी रांग पश्चिमेला राहिलेली असते. भोर-मावळातला भाताचा पाऊस इथवर पोचत नाही, म्हणून इथे ज्वारी, बाजरी, वाटाणा, झेंडू-शेवंतीची फुलशेती आणि उतारावर सीताफळाच्या बागा. पावसाळा सरत आला की बायका रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या पाट्या मांडून बसतात. हिवाळ्यात अंजिराचा खट्टा बहार निघतो, उन्हाळ्याच्या तोंडावर मीठा. पुरंदरच्या या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. सासवडहून नारायणपूरकडे वळलं की डाव्या हाताला पुरंदर किल्ला येतो आणि बराच वेळ सोबत राहतो. तिथून केतकावळ्याच्या बाजूनं उतरून कापूरहोळ आणि कात्रजच्या जुन्या घाटानं परत पुणं. पुण्यात सायकल चालवणाऱ्या पिढ्या या फेरीवर तयार झाल्या आहेत. घाट चढायला शिकायचं ते इथे, आणि उतरायला शिकायचं तेही इथेच.

आता तुमची बाटली फुटल्यावर तिचं काय होतं ते सांगतो.

काच पडते तिथे राहत नाही. मोटारी आणि टेम्पो रस्त्याच्या मधून जातात, त्यांच्या चाकांनी ती हळूहळू कडेला ढकलली जाते. दोन दिवसांत मधला रस्ता स्वच्छ होतो आणि सगळी काच डाव्या कडेच्या हातभर पट्ट्यात गोळा होते. सायकलवाल्यानं चालायचं असतं ते नेमकं तिथून. मोटारीच्या जाड टायरला तिचं काही वाटत नाही. आमचा टायर अंगठ्यापेक्षा थोडा रुंद, पंचवीस-अठ्ठावीस मिलिमीटरचा, आणि त्यात ऐंशी-नव्वद पीएसआय हवा. पावसाळ्यात तर विचारू नका. ओल्या रबरावरून काच सहज आत सरकते, शिवाय पाणी तिला वरच्या वळणावरून खालच्या वळणावर आणून ठेवतं. काच चुकवायला सायकलवाला मध्ये सरकला की मागचा टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवतो, खिडकीतून शिवी देतो. त्याला वाटतं, हा मुद्दाम आडवा येतोय. तुम्ही फोडलेल्या बाटलीपायी दोन अनोळखी माणसं एकमेकांवर दात खाऊन निघून जातात.

पंक्चर म्हणजे ट्यूब बदलली आणि निघालो, असं नसतं. चाक काढायचं, लिव्हरनं टायर सोडवायचा आणि मग टायरच्या आतून बोटाचं टोक हळूहळू फिरवायचं. दिसत नाही काही. बोटाला टोचलं की कळतं. ज्वारीच्या दाण्याहून लहान कपची असते, रबरात रुतून बसलेली. ती सुईच्या टोकानं उकरून काढावी लागते. राहून गेली तर नवी ट्यूबही दहा मिनिटांत बसते. जवळच्या दोन ट्यूब संपल्या की सायकल हातात धरून चालायचं, कारण चांबळीच्या उतारावर या मापाची ट्यूब कोण ठेवणार? ब्रेवे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची फेरी, करणाऱ्यांची दशा आणखी वाईट. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे, वाटेत गाडी लावून मदत घ्यायची नाही, हा त्यांचा नेम. महिनोन् महिने पहाटे उठून केलेला सराव एका कपचीशी येऊन थांबतो.

आणि हे सगळं चढावर झालं तर. चढावर चाक बसलं की माणूस पाय टेकतो, चिडतो, कामाला लागतो. उतारावर, ताशी चाळीस-पन्नासच्या वेगात, वळण घेताना पुढचं चाक बसलं तर हँडल हातात असून नसल्यासारखं होतं. ब्रेक दाबावा तर चाक घसरतं, न दाबावा तर कठडा समोर येतो. त्या क्षणी त्या माणसाजवळ करण्यासारखं काहीही उरलेलं नसतं. उतरताना माझं लक्ष पुरंदरच्या डोंगराकडे नसतं, सीताफळीच्या बागांकडेही नसतं. ते डाव्या कडेच्या चकाकीवर खिळलेलं असतं. या रस्त्यावरून जायचं ते ज्यासाठी, तेच बघायला मिळत नाही. याचा मला राग येतो, आणि तो तुमच्यावर आहे.

पण सायकलवाल्यांच्या पायात निदान बूट असतात. तुमची एखादी बाटली रस्त्यावर न फुटता कठड्याखालच्या रानात जाते आणि तिथल्या दगडावर फुटते. नांगर किंवा रोटाव्हेटर फिरला की तुकडे मातीत मिसळून वाफ्या-वाफ्यातून पसरतात. मग खुरपणीला बायका बसतात. अनवाणी, उकिडव्या, डाव्या हातानं तण धरायचं आणि उजव्या हातात खुरपं. मातीत बोटं घातल्याशिवाय खुरपणी होत नाही. कापलेल्या बोटाला चिंधी बांधून ती बाई दिवसभर पात धरते, कारण उठली तर रोज बुडतो. बैलाच्या खुरात काच गेली तर ऐन पेरणीत जनावर बसून राहतं. धनगरांचे कळप याच माळांवरून जातात. मेंढराला तर सांगताही येत नाही कुठे दुखतंय ते. यातल्या कोणीही तुमच्या बैठकीत घोटभरसुद्धा घेतलेली नसते.

शेजारच्या दिवे घाटातही तुमचे भाऊबंद बसतात. त्या घाटातून ज्ञानोबा माउलींची पालखी सासवडला चढते. किती तरी वारकरी अनवाणी असतात, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या म्हाताऱ्या असतात. त्यांची नजर पालखीकडे असते, पायाखाली नसते. पुढचं मी लिहीत नाही.

तुमची उत्तरं मला पाठ आहेत. इथे कचराकुंडी नाही. खरं आहे, नाही. पण भरलेली बाटली घेऊन घाट चढून आलेली गाडी रिकामी बाटली घेऊन उतरू शकते. वजन कमीच झालेलं असतं. रस्तेच कुठे धड आहेत, हे दुसरं. तेही आता चालणार नाही. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत आपल्या जिल्ह्यात झाली, त्यासाठी कितीतरी रस्त्यांचं डांबरीकरण झालं. परदेशातले रायडर इथल्या डोंगरांतून, शेतांतून धावले. ज्या जिल्ह्यातल्या रस्त्यांवरून जगातले लोक हौसेनं सायकल चालवून गेले, तिथल्याच मुलानं सायकल काढली की त्यानं आधी काच बघायची. तिसरं उत्तर, सगळेच फोडतात. सगळे फोडत नाहीत. फोडणारे थोडेच आहेत, काच मात्र सगळ्यांच्या वाट्याला येते.

तमिळनाडूतल्या निलगिरी जिल्ह्यात हीच तऱ्हा होती. जंगलात फेकलेल्या बाटल्यांनी हत्तींचे पाय फाटत होते. मद्रास उच्च न्यायालयानं लक्ष घातलं आणि २०२२ पासून तिथल्या सरकारी दारूदुकानांत बाटलीमागे दहा रुपये जादा घेतात. रिकामी बाटली परत आणली की ते दहा रुपये परत मिळतात. आपल्या सरकारनंही घाटांच्या पायथ्याच्या दुकानांपासून हे सुरू करावं, अशी माझी मागणी आहे. पण ते होईपर्यंत थांबायचं कारण नाही. बिअरची अख्खी बाटली भंगारवाला आजही पैसे देऊन घेतो, ती धुऊन पुन्हा भरली जाते. फुटलेली तो घेत नाही.

येत्या रविवारी सकाळी सहा वाजता आम्ही काही जण घाटमाथ्यावरच्या वळणापासून कडेचा पट्टा झाडायला सुरुवात करणार आहोत, खालच्या दिशेनं. तुम्ही या. नाव विचारणार नाही, ‘काल इथे होता का’ हेही विचारणार नाही. खराटे, घमेली, पोती सगळं आमच्याकडे आहे. हातमोजे तेवढे तुमचे तुम्ही आणा, आणि जाडच आणा.

आपला,
दर रविवारी त्याच रस्त्यानं जाणारा एक सायकलस्वार