वजनकाटा बरोबर ठेवा

कोल्हापुरातल्या नाणी जमवणाऱ्यांच्या दोस्तीत लपवाछपवी नसते. मित्राची शिवराई हातात घेतली की 'भावा, लई झिजलीय रं' म्हणायचं. आपल्या शिवराईची तेवढीच झीज म्हणजे चलनात फिरल्याची अस्सल खूण. चिंचेनं घासून चकचकीत केलेलं नाणं जमिनीतून तसंच निघालेलं असतं. 1818चा, रामदरबार छापलेला, कंपनी सरकारचा 'दुर्मीळ' अर्धा आणाही बहुतेकांच्या डब्यात सापडतो. कंपनीनं असलं नाणं कधी पाडलंच नाही, हेही बहुतेकांना ठाऊक आहे. मग तो खपवायचा कुणाला? ओळखीच्यालाच. अनोळखी माणूस उलटे प्रश्न विचारतो.

याला गावची परंपराही आहे म्हणा. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1877 मध्ये धनुष्यबाणाची प्राचीन नाणी सापडली. त्यांत गौतमीपुत्र विळिवायकुर या राजानं आधीच्या राजांच्या नाण्यांवरच आपला ठसा मारला होता. पण त्यानं निदान स्वतःचं नाव तरी कोरलं! आमचे दोस्त माल खपवताना वारलेल्या आजोबांचं नाव सांगतात.

तेव्हा मित्राकडून नाणं जरूर घ्या. चहा त्याचा प्या, वजनकाटा मात्र आपला न्या.