नव्या माशाचा गृहप्रवेश : घरातल्या इतरांसाठी नियमावली

मासे पाळणाऱ्यांसाठी मार्गदर्शन उदंड आहे. मासे पाळणाऱ्यासोबत ज्यांना संसार करावा लागतो, त्यांच्यासाठी मात्र आजवर कुणी चार ओळी लिहिल्याचं ऐकिवात नाही. सदर नियमावली ती उणीव भरून काढण्याकरिता आहे. दुकानातून आणलेला मासा थेट हॉलमधल्या टाकीत सोडायचा नसतो, त्याला आधी महिनाभर वेगळा ठेवायचा असतो आणि हे ‘वेगळं’ म्हणजे आपलंच बाथरूम असतं, एवढं ज्यांच्या ध्यानात आलं आहे त्यांनी पुढे वाचावं.

प्रथम व्याख्या. ‘मोठी टाकी’ म्हणजे हॉलमधली, पाहुण्यांना दाखवायची. ‘छोटी टाकी’ म्हणजे साधारण चाळीस लिटरची, कुणालाच न दाखवायची. ‘हे’ म्हणजे आमचे हे.

कलम १. छोट्या टाकीत वाळू, रोपं, शंख, शिंपले, बुडबुडे सोडणारा प्लॅस्टिकचा पाणबुड्या यांपैकी काहीही असू नये. उघडा तळ आणि लपायला पीव्हीसी पाइपचा एक तुकडा, बस्स. दिसायला हे प्रकरण दरिद्री दिसतं, पण त्याला कारण आहे. उघड्या तळावर उरलेले दाणे आणि माशाची शी लगेच दिसते, ती नळीने ओढून टाकता येते, औषधाची मात्रा मोजूनमापून देता येते आणि रोगजंतूंना दडायला जागा मिळत नाही. टाकीवर झाकण मात्र हवंच. नवा मासा बिचकलेला असतो, तो उडी मारतो. आणि रात्री दिवा न लावता अनवाणी बाथरूममध्ये जाणारी व्यक्ती घरात नेहमी एकच असते.

कलम १ (अ). स्पंज फिल्टरबद्दल. नवाकोरा स्पंज कुचकामाचा असतो. माशांच्या अंगातून पाण्यात सतत अमोनिया येत राहतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू त्या स्पंजात वस्तीला यावे लागतात. त्यासाठी तो आधी तीन-चार आठवडे मोठ्या टाकीत चालू ठेवायचा आणि मासे घरी येतील त्या दिवशी छोट्या टाकीत हलवायचा. हा तपकिरी, बुळबुळीत, ओंगळ स्पंज नळाखाली धुऊ नये, कारण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणूंना मारतं. टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळावा. आमच्याकडच्या मावशींनी एकदा तो भांड्यांच्या साबणाने लख्ख घासून दोरीवर वाळत घातला होता. यांनी त्या दिवशी ऑफिसला दांडी मारली. माझ्या भाच्याच्या मुंजीला यांना रजा मिळाली नव्हती.

कलम २, खरेदी. कुर्ल्याचा रविवारचा शोभेच्या माशांचा बाजार भल्या पहाटे भरतो. एरवी नऊला उठणारा माणूस त्या दिवशी डोंबिवलीहून पहिल्या गाड्यांपैकी एक पकडतो, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. मुंबईत विकायला येणारे पुष्कळ मासे चेन्नईतल्या कोळत्तूरला किंवा बंगालमध्ये पैदास झालेले असतात. म्हणजे खोका, विमान, ठोक व्यापारी, किरकोळ व्यापारी आणि शेवटी मध्य रेल्वे, असा प्रवास करून तो जीव आपल्या दारात उभा असतो. एवढ्या हालांत कुणाचीही प्रतिकारशक्ती ढासळेल. म्हणून बाजारातच नीट पाहून घ्यावं. ज्या टाकीत एक मेलेला मासा तरंगतोय, त्या टाकीतला जिवंतही घेऊ नये. पंख अंगाला चिकटवून कोपऱ्यात बसलेला घेऊ नये. दुकानदाराला दाणे टाकायला सांगावं आणि जो धावून येतो तो घ्यावा. लग्नासाठी मला बघायला आले होते तेव्हा यांनी एवढी चौकशी केली नव्हती.

कलम ३. पिशवी बंद ठेवूनच पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगवावी, म्हणजे तापमान जुळतं. नंतर मात्र रेंगाळू नये. बंद पिशवीतलं पाणी माशाच्या श्वासाने आम्ल होत जातं आणि तोवर त्यातला अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडली, बाहेरची हवा लागली, की तोच विषारी होऊ लागतो. तेव्हा मासा जाळीने टाकीत आणि पिशवीतलं पाणी मोरीत. ते पाणी टाकीत ओतू नये. झाडांनाही घालू नये, अशी यांची सूचना आहे. घातलं तर काय होतं, याचं उत्तर मात्र यांच्याकडे नाही.

कलम ४ हे या नियमावलीचं हृदय होय.

माझ्या सासूबाई गौरी-गणपतीत कडक सोवळं पाळायच्या. वेगळी बादली, वेगळा तांब्या, ओलेत्याने पाणी भरणं, आणि चुकून कुणाचा हात लागला की पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा हे दाराशी उभे राहून त्यांना विज्ञाननिष्ठेवर व्याख्यान द्यायचे. आज त्याच घरात छोट्या टाकीची जाळी वेगळी, बादली वेगळी, नळी वेगळी, पुसायचं फडकं वेगळं. बादलीवर यांनी मार्करने ‘विलगीकरण’ असं ठसठशीत लिहिलं आहे. आधी मोठ्या टाकीचं काम करायचं, मगच छोटीला हात लावायचा. छोटीला हात लावल्यावर कोपरापर्यंत साबणाने धुतल्याखेरीज मोठीच्या जवळ फिरकायचं नाही. ओली जाळी एका टाकीतून दुसरीत गेली तर महिनाभराची तपश्चर्या फुकट, कारण रोगाला पाण्याचा एक थेंब पुरतो. हे सगळं शास्त्रशुद्ध आहे, मी वाचून खात्री करून घेतली आहे. सासूबाई आज असत्या तर काही बोलल्या नसत्या. नुसत्या बघत बसल्या असत्या आणि ते यांना जास्त लागलं असतं.

कलम ५. मुदत चार आठवडे. ‘चांगला खेळतोय की, सोड आता’ हे वाक्य घरातल्या कुणीही उच्चारू नये. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, ज्याला हे मासे पाळणारे लोक लाडाने ‘इच’ म्हणतात, तो असाच वरून ठणठणीत दिसणाऱ्या माशातून येतो. त्याचा परजीवी माशाच्या कातडीत शिरून पोसतो. ठिपका मिठाच्या कणाएवढा. पोट भरलं की गळून तळाला जातो, कोष करतो आणि एकाचे शेकडो होऊन बाहेर पडतात. त्यांना एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती पिल्लं मरतात. आपल्याकडच्या पंचवीस-सव्वीस अंशांच्या पाण्यात हे चक्र आठवड्याच्या आत पुरं होतं. पाणी गार असेल तर लांबतं. पोटातले जंत वगैरे मंडळी त्याहून सावकाश उगवतात, म्हणून चार आठवडे. मध्येच नवा मासा आणून त्याच टाकीत टाकला तर सगळ्यांची मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजायची. हा नियम यांनीच मला सांगितला. मोडतातही हेच, बहुतेक रविवारी.

कलम ६. दाणे चिमूटभर. दोन मिनिटांत संपतील एवढेच.

कलम ७, औषधोपचार. काही झालेलं नसताना ‘असू दे’ म्हणून औषध घालू नये. ठिपके दिसलेच तर पाणी हळूहळू तीस अंशांपर्यंत तापवावं, म्हणजे परजीवीचं चक्र वेगाने फिरतं. हवेचा पंप जोरात लावावा, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. औषध फक्त पाण्यात पोहणाऱ्या पिल्लांवर चालतं. कातडीतल्या आणि कोषातल्या किड्याचं ते काही वाकडं करू शकत नाही. म्हणून ठिपके गेले तरी पुढे काही दिवस औषध चालूच ठेवायचं असतं. मिथिलीन ब्लू या औषधाच्या बाबतीत एवढंच सांगते, की आमच्या बाथरूमच्या फरश्यांमधल्या सांधी निळ्या आहेत, एक टॉवेल निळा आहे आणि दिवाळीत पाहुणे आले तेव्हा यांची बोटंही निळी होती.

आता दातांच्या डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, तर हेच गृहस्थ दुसऱ्या दिवशी ‘बरं वाटतंय’ म्हणून पाकीट ड्रॉवरमध्ये टाकतात. बीपीची गोळी आठवण केल्याशिवाय घेत नाहीत. पण भिंतीवरच्या कालनिर्णयात, माझ्या दुधाच्या हिशेबाशेजारी, बारीक अक्षरात ‘पाणी ३०%’, ‘मीठ’, ‘डोस ४’ अशा नोंदी असतात आणि एकही दिवस चुकलेला नसतो. रात्री अकराला ‘विलगीकरण’ बादली उपडी घालून तिच्यावर बसतात आणि घड्याळ लावून एका मॉलीच्या कल्ल्यांची उघडझाप मोजतात. जास्त वेगाने होत असेल तर अमोनिया तपासायचा, तो शून्यच हवा. मी माझ्या आईच्या मोतीबिंदूचं बोलायला घेतलं की या माणसाला झोप येते. पण तिथे बसलेले असताना चहा नेऊन दिला की कप घेतात, वर न बघता म्हणतात, ‘आज पाइपाच्या बाहेर आला होता.’ असला आनंद प्रमोशनच्या वेळीसुद्धा दिसला नव्हता. मग मीही थोडा वेळ दाराला टेकून उभी राहते, आपलं आहे ते आहे.

कलम ८, वास्तुशास्त्र. आमच्या नणंदबाईंच्या मते टाकीत आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ मासे हवेत आणि त्यातला एखादा मेला तर त्याने घरावरचं संकट स्वतःवर घेतलं, असं समजावं. नणंदबाईंनी हौसेने आणलेला काळा गोल्डफिश यांच्या गैरहजेरीत थेट मोठ्या टाकीत सोडला गेला आणि त्याच्यामागोमाग बऱ्याच जणांनी संकटं स्वतःवर घेतली. ते संकट घरावर आलेलं नव्हतं. पिशवीतून आणलेलं होतं.

कलम ९. उपरोक्त प्रकारानंतर आप्तेष्टांना विनंती करण्यात येते की आमच्याकडे येताना भेट म्हणून मासे आणू नयेत. आणायचेच असतील तर पापलेट आणावं, शक्यतो साफ करून. त्याला वेगळं ठेवायला फ्रीजमध्ये जागा आहे.