फणसाचा खांब आणि आमचे हे

अहो वहिनी, जरा गडग्याशी या ना. रात्री आमच्या पडवीतली खरखर ऐकलीत ना? ह्यांनी दिवा केलाय. समई नव्हे हो! खांद्याइतका उंच, लाकडी, खुर्चीशेजारी उभा करायचा.

मुंबईला लेकाकडे तसला पाहिला, किंमत ऐकली आणि म्हणाले, मी घरीच करतो. झालं! जुन्या घराचा फणसाचा खांब माळ्यावरून खाली आला. लाकूड बाकी सोनं हो. वरचा काळा थर रंध्याने काढला तर आत हळदीसारखं. सुतार म्हणाला, उजेड लागला की तांबूस पडेल, कौतुक आत्ताच करून घ्या. पण त्यातच एक मोडका खिळा लपलेला. पात्याला असा दाता पडला की दोन दिवस नुसतं घासत बसले.

खरी मजा वायरीची. सव्वाचार फुटांच्या दांड्याला आरपार भोक हवं. ह्यांनी दोन्ही टोकांकडून गिरमिट फिरवलं, आणि दोन्ही भोकं पत्रिका न जुळल्यासारखी शेजारून निघून गेली! शेवटी सुताराने दांडा उभा चिरला, दोन्ही फाकांना आतून खाच मारली, त्यात दोरी सोडून फेव्हिकॉलने परत जोडला. वाळल्यावर वायर दोरीला बांधून ओढली, परकरात नाडी घालतात ना, तश्शी.

मग उभा केला, तर मांजराच्या शेपटीने आडवा. बूड नऊ इंची आणि वर टोप पंधरा इंची! मी आधीच म्हटलं होतं, समई बघा, तिचं बूड किती जड. पण घरच्या माणसाचं ऐकायचं नसतं ना. तेच सुताराने सांगितल्यावर पटलं. न्हाणीमागे पडलेली सासूबाईंच्या जात्याची खालची तळी उचलून आणली, तीच आता बैठक. टोपाला त्यांचंच इरकल लावलंय. आत 9 वॅटचा एलईडी आहे, जुन्या बल्बसारखा तापत नाही, म्हणून मी लुगडं द्यायला तयार झाले.

आणि हो, ती दोरीवरची फडकी बघताय ना? वास तुमच्याकडे येत असेल, राग मानू नका. जवसाच्या तेलाची आहेत. ह्यांनी बोळा करून कोपऱ्यात टाकली होती. सुतार ओरडलाच, ते तेल सुकताना तापतं, बोळा आपोआप पेट घेतो म्हणून. आमची पडवीच गेली असती!

दिसतो बाकी देखणा, खोटं कशाला बोलू. टोपाची खालची कड बसल्यावर डोळ्यांशी यायला हवी म्हणे, म्हणजे बल्ब टोचत नाही. मापून 41 इंचांवर ठेवलीये. मात्र मापलं स्वतः खुर्चीत बसून. मी खाली बसून तांदूळ निवडते, तर बल्ब थेट डोळ्यांत! म्हणतात, तूही खुर्चीत बस. आता तिथे खुर्ची एकच, आणि तीत बसतात हे. संध्याकाळी या बघायला. येताना तुमची खुर्ची तेवढी आणा.