वास चालत्या गाडीतच कळते

गाडीतला वास गाडीच्या मालकाला सगळ्यात शेवटी कळतो. त्याच्याआधी तो बायकोला कळतो, तिच्याआधी सासुरवाडीच्या पाहुण्यांना, आणि या सगळ्यांच्या आधी नानांना.

यावलच्या प्रत्येक आळीत एक नाना आहेत. कुठे त्यांना आप्पा म्हणतात, कुठे आबा. वय साठीच्या पुढे, पांढरा पायजमा, खिशात चष्म्याचं घर आणि त्या घरात चष्मा सोडून बाकी सगळं. नानांकडे गाडी नाही. त्यांना गाडी चालवता येत नाही, आणि शिकायची इच्छाही कधी झाली नाही, कारण चालवणाऱ्याला रस्त्याकडे बघावं लागतं, बोलता येत नाही. पण आळीत कुणाच्या गाडीचं बॉनेट उघडलं की पहिल्या मिनिटाला नाना तिथे हजर. टायरला पायाने हलकेच टोचून बघणं हा त्यांचा नमस्कार. आमच्या नानांचं खास अंग मात्र वासाचं. गाडीचं दार उघडायचं, डोळे मिटायचे, मान किंचित तिरकी करून एक दीर्घ श्वास आत घ्यायचा आणि तो सोडायच्या आत निदान करायचं. जुन्या वैद्यांनी नाडी धरावी तसं नाना दाराचं हँडल धरतात.

आमच्या शेजारच्या गुरुजींनी निवृत्तीच्या पैशातून एक जुनी गाडी घेतली. गाडी चांगली होती. पहिलं वर्ष कशाचाच वास आला नाही, त्यामुळे नाना त्या वर्षी जरा अशक्त दिसत. मग आखाजीच्या आदल्या दिवशी भुसावळहून येताना मागच्या सीटवर ठेवलेली दुधाची बरणी वळणावर कलंडली. बासुंदीचं दूध होतं, चांगलं म्हशीचं. बरणी कोणाची होती हे गुरुजी अजूनही सांगत नाहीत. शिक्षकी पेशातली माणसं, वर्गात चूक कोणाची हे रोज सांगून सांगून दमलेली असतात. वरचं दूध पुसलं, मॅट धुतली, आणि सणाच्या गडबडीत विषय संपला असं घरातल्यांना वाटलं.

दुधाचा विषय असा संपत नसतो. गाडीच्या मॅटखाली गालिचा असतो, गालिच्याखाली जाड नमदा असतो, आणि तो नमदा गाडीचा आवाज जसा पितो तसं दूधही पितो. तिथे ते आरामात नासतं. जिवाणू दुधातल्या स्निग्धांशाची फोड करतात आणि त्यातून ब्युटिरिक आम्ल सुटतं. जुन्या खवट तुपाला जो वास असतो, तान्ह्या बाळाच्या ओकारीला जो असतो, त्या खानदानातलंच हे आम्ल. ते कणभर असलं तरी माणसाच्या नाकाला पुरतं. त्यात आमचा मे महिना. जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या आसपास सहज जातो, आणि काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या आत तासाभरात बाहेरच्यापेक्षा वीसेक अंश जास्त होतात. एवढ्या उष्म्यात जे काही उडून जाण्यासारखं असतं ते उडून नाकाशी येतं. दुपारी गुरुजींनी दार उघडलं की शेजारच्या शेळ्या उठून उभ्या राहत.

नाना तिसऱ्या दिवशी आले. हँडल धरलं, डोळे मिटले.

“गुरुजी, काहीतरी मरेल आहे गाडीत.”

“मरेल नाही नाना, सांडेल आहे. दूध.”

“तेच ते. दूध मरेल आहे.” मग जरा थांबून, आवाज खाली आणून: “पण इथं उभ्या गाडीत सांगता येत नाही. वास चालत्या गाडीतच कळते. चला, फैजपूरपर्यंत जाऊन पाहू.”

हे वाक्य नानांच्या सगळ्या विद्येचा पाया आहे. उभ्या गाडीत वास थांबलेला असतो, गाडी चालली की तो हलतो, हलला की सापडतो, असा तो सिद्धांत. फैजपूरला प्रांत कचेरीच्या एका कामात नानांचे कागद अडकलेले होते, हा निव्वळ योगायोग. वास सापडेपर्यंत कागद सुटले, आणि कागद सुटेपर्यंत गुरुजी गाडीत काचा बंद करून बसले होते, कारण नानांनी बजावलं होतं, “काच उघडू नका, वास पळून जाईल, मग कसा धरायचा?”

पळवून लावण्यासाठीच वासाला धरायचं असतं, हे गुरुजींच्या मनात आलं असणार. पण ज्यांनी चाळीस वर्षं पोरांना गप्प बसा म्हटलं ते नानांसमोर स्वतःच गप्प बसतात.

दुसऱ्याच्या वाहनात हक्काने बसण्याचं हे कसब नानांकडे वारशाने आलेलं आहे. 1936 च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. तेव्हा नानांचे आजोबा पंडित नेहरूंना बघायला यावलहून दुसऱ्याच्या दमणीतून गेले होते, आणि बैलांच्या वासावरून वाटभर दमणीवाल्याला सल्ला देत गेले होते, हे नाना फार अभिमानाने सांगतात.

उपाय सुरू झाले. नानांचं दुसरं सूत्र असं की वास वासाला खातो. त्यामुळे एका वासावर दुसरा सोडायचा आणि कोण कोणाला खातो ते बघत बसायचं. पहिल्यांदा निंबाचा पाला आला, सीटखाली दाबून भरला. तो वाळला, कुसकरला, आणि एसी लावला की डोळ्यांत उडू लागला. मग कापूर. मग लोबानची धुनी, काचा बंद करून, तीही इतकी दणदणीत की समोरच्या घरातून कोणीतरी पाण्याची बादली घेऊन धावलं. मग कापलेला कांदा बशीत घालून रात्रभर. सकाळी गाडीला मिसळीचा वास येत होता, आणि खरं सांगायचं तर तो दिवस त्यातल्या त्यात बरा गेला. मग अर्धपिकी केळी. यावल-रावेर पट्ट्यात केळी मागावी लागत नाहीत, येताजाता कोणीही हातात घड देतं. नानांनी एक आख्खी फणी डिकीत ठेवायला लावली. मे महिन्यातल्या बंद डिकीत केळी कशी पिकतात हे सांगायला कोणी शास्त्रज्ञ नको. चार दिवसांत तिथे ती काळी पडून पाघळली, आणि दुधाच्या जोडीला आता तिचा तो गोडुस, आंबूस, पेअरच्या गोळ्यांसारखा वास कायमचा राहायला आला.

प्रत्येक उपायानंतर चाचणी आलीच, आणि चाचणी चालत्या गाडीतच. यावलहून भुसावळला जायचा सरळ रस्ता अंजाळ्यावरून आहे. नानांचा रस्ता फैजपूर-बामणोदवरून जाई. बामणोदला भरिताची वांगी मिळतात, हिरवी, पांढऱ्या रेघांची, हातात घेतली तर वजनदार वाटणारी, काटक्यांच्या जाळावर भाजली की साल एका ओढीत निघणारी. ती वांगी जळगावच्या पार पलीकडे, मुंबई-पुण्याला लेकीबाळींकडे पोचवायची असतात, आणि पोचवायची तर भुसावळ स्टेशनात कोणी ना कोणी ओळखीचं रेल्वेत चढत असतंच. तेव्हा वासाची चाचणी आणि वांग्यांची पिशवी एकाच फेरीत. पिशवीतून एखादं वांगं सीटखाली घरंगळलं तर नाना म्हणायचे, “जाऊ द्या, वांगं वास ओढून घेते.”

आता नानांच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. माणसाचं नाक कोणत्याही वासाला लवकर कंटाळतं. थोडा वेळ तोच वास येत राहिला की मेंदू त्याची दखल घेणं सोडून देतो. घाणेरड्या वासात राहणाऱ्याला म्हणून काही कळत नाही, आणि स्वतःच्या घरचा वास कोणालाच येत नाही. त्यामुळे यावलहून निघताना नाकाला रुमाल लावलेली गाडी तापीच्या पुलावर येईपर्यंत रुमाल खिशात घालत असे. नाना तिथे बरोबर हात वर करत. “गेला! पाहा गुरुजी, कांद्यानं काम केलं.” गुरुजींनाही खरंच वास येत नसे. मग भुसावळला चहा प्यायला सगळे खाली उतरत, मोकळ्या हवेत नाक ताजंतवानं होई, आणि परत दार उघडलं की तोच वास छातीवर येऊन आदळे. नाना क्षणभर विचार करत आणि म्हणत, “हा तो नव्हे. हा नवा आहे. भुसावळचा.”

गुरुजींच्या मुलाने पुण्याहून आरशाला टांगायचं सुगंधी झाड पाठवलं, पुठ्ठ्याचं, देवदारासारखं दिसणारं. नानांनी ते दोन बोटांत धरून हुंगलं आणि बाजूला केलं. त्यांना काय माहीत, ते झाड जन्मलंच मुळी दुधापायी. 1952 साली अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरटाउन गावी ज्युलिअस सॅमन नावाच्या रसायनतज्ज्ञाने ते तयार केलं. एका दूधवाल्या ट्रकड्रायव्हरने सांडलेल्या दुधाच्या वासाची तक्रार त्याच्याकडे केली होती, अशी त्याची कथा सांगतात. म्हणजे वॉटरटाउनच्या त्या ड्रायव्हरचा आणि आमच्या गुरुजींचा आजार एकच. फरक इतकाच की त्याला रसायनतज्ज्ञ भेटला. अर्थात झाडानेही दूध काही बाहेर काढलं नसतं, नुसतं जंगलात नेऊन सांडल्यासारखं केलं असतं.

जून लागला. पहिल्या पावसात पायाला चिखल घेऊन माणसं गाडीत बसू लागली, एसीच्या जाळीतून कुबट ओलसर वास वेगळाच येऊ लागला. हा दुधाचा नव्हता. एसी चालला की आतल्या कॉइलवर पाणी धरतं, त्यावर धूळ बसते, आणि ते ओलंच बंद केलं की बुरशीला घर मिळतं. गाव जवळ आलं की एसी बंद करून नुसता पंखा थोडा वेळ चालू ठेवावा, म्हणजे कॉइल वाळते. इतकी साधी गोष्ट आहे. पण नाना पुढे बसलेले असले की पंखा बंद करावा लागतो, त्याच्या आवाजात त्यांचं बोलणं ऐकू येत नाही.

शेवटी सुटका झाली ती भुसावळला, आणि तीही चुकून. गुरुजी एकटेच गेले होते, नाना लग्नाला. सीट कव्हर शिवणाऱ्या दुकानातल्या पोराने माप घ्यायला दार उघडलं, नाक आवळलं, आणि विचारलं, “काका, सीट काढून पाहिली का?”

आळीतल्या एकानेही हा प्रश्न विचारला नव्हता. आम्हीही नाही. पोराने पाना लावला, बोल्ट सोडले, सीट बाहेर काढली आणि गालिचा वर उचलला. खालचा नमदा पिवळा पडून कडक झालेला होता. त्याच्या आजूबाजूला चाचण्यांचं आख्खं दप्तर होतं: सुकून नखाएवढी झालेली वांगी, निंबाच्या काड्या, अट्रावलच्या मुंजोबाच्या यात्रेतल्या रेवड्या, मेथीची जुडी जिचं आता गवत झालं होतं, आणि नानांची चुन्याची डबी, जिच्यासाठी नानांनी आळीतल्या दोन पोरांवर आळ घेतला होता. पोराने नमदा पाण्यात बुडवला, कपडे धुण्याच्या पावडरने घासला, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवून पुन्हा पिळला. सोड्याने त्या आम्लाचं मीठ बनतं आणि मीठ उडून नाकात येत नाही. दूध राहिलं नाही तर वास कुठून येणार. मग सगळी दारं सताड उघडून गाडी दिवसभर उन्हात ठेवली. जूनमधली ती एक उघडीप होती, कडक. आमच्याकडे ऊन फुकट मिळतं, म्हणूनच ते कोणी औषध म्हणून धरलं नसावं.

गाडी घरी आली. वास नाही. गुरुजींच्या सौ.नी मागच्या सीटवर बसून बघितलं, पुढच्या बसून बघितलं, आणि बऱ्याच दिवसांनी त्या गाडीतून माहेरी जायला तयार झाल्या.

नानांना ही बातमी लग्नातच कळली होती. ते संध्याकाळी आले. हँडल धरलं, डोळे मिटले, श्वास घेतला. तो श्वास इतका वेळ चालला की आम्हाला काळजी वाटू लागली. मग डोळे उघडले आणि आमच्याकडे असं पाहिलं की जणू कोणी त्यांचं पेन्शन बंद केलं.

“गेला,” ते म्हणाले.

“गेला नाना.”

“पण पूर्ण नाही. थोडा आहे. एसीचा.” आणि ते पुढच्या सीटवर बसले, जाळीजवळ नाक नेलं. “हा एसीचा वास सपाटीवर नाही सापडत. चढावर इंजिनावर जोर येते ना, तेव्हा बाहेर निघते. आडगावच्या पुढं चढ आहे. मनुदेवीपर्यंत जाऊन पाहू उद्या.”

गुरुजींनी चावी शोधायला खिशात हात घातला, जरी उद्याचीच गोष्ट होती. दारात उभ्या असलेल्या त्यांच्या सौ.नी मात्र विचारलं, “नाना, मनुदेवीला काय घेऊन जायचं आहे?”

“काही नाही वहिनी. नवस आहे, फेडून टाकू. वरण-बट्टीचं थोडं सामान, वांगी, आणि तुपाची एक बरणी.” नानांनी सीट बेल्ट ओढून बघितला आणि मग, कोणी काही न विचारताच, म्हणाले, “या बरणीचं झाकण चांगलं आहे.”